सर्दी गेली, रात्रीचा खोकला राहिला



ह्या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, बेणे, खत आणि पाणी ह्यांविषयी वाचत आलात. आज आम्ही खोकल्याविषयी लिहिणार आहोत. आम्ही काही डॉक्टर नव्हे. शेतकी पदविका घेतलेला, बांधावर फिरणारा माणूस. तरी लिहितो, कारण गाळप हंगामात ऊसनोंदीच्या किंवा तोडणीच्या तक्रारीच्या निमित्ताने ज्या ज्या घरी रात्री जाणे होते, तेथे चहा येईपर्यंत आतल्या खोलीतून खोकला ऐकू येतो. विचारले तर उत्तर ठरलेले : "काही नाही साहेब, सर्दी होती, ती गेली. हा तेवढा राहिलाय."

गेल्या खेपेस आम्हीही हेच उत्तर देत होतो. मार्गशीर्षाचे दिवस होते. जांबे, नेरे, मारुंजी ह्या पट्ट्यात तोडणीचा कार्यक्रम लावायचा म्हणून पहाटेच मोटारसायकल काढायची. हिंजवडीकडच्या उंच इमारती आता जांब्याच्या शिवारातून दिसतात, पण उसाच्या फडात धुके अजून पूर्वीसारखेच उतरते. सर्दी झाली, नाक वाहिले, अंग मोडून आले, चार-पाच दिवसांत सगळे थांबले. खोकला मात्र राहिला. दिवसा गटऑफिसात बसलो, चिटबॉयशी वाद घातला, शेतात फिरलो, तरी काही नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. अकराला एकदा, मग दोनच्या सुमारास बसून काढायची वेळ. घरच्या मंडळींनी अंथरूण पडवीत हलवले. आमचे नव्हे, त्यांचे.

मग आम्ही तेच केले जे आपण सगळे करतो. औषधाच्या दुकानात गेलो, "खोकल्याची बाटली द्या" म्हणालो. लाल झाली, हिरवी झाली. एका बाटलीने झोप छान आली, पण ती दुसऱ्या दिवशीही उतरली नाही. दुपारी बांधावरून गाडी चालवताना डोळा लागला आणि पुढचे चाक पाटात गेले. पाट कोरडा होता म्हणून कपड्यांवर निभावले.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कधीपासून?" आम्ही म्हणालो, "झाले असतील आठ-पंधरा दिवस." बरोबर आलेल्या मंडळी म्हणाल्या, "दत्तजयंतीच्या चार दिवस आधीपासून." दिनदर्शिकेवर मोजले, तर तेविसावा दिवस निघाला. आम्हांला खरोखर शरम वाटली. गटातल्या प्लॉटच्या लागणीच्या तारखा आम्ही झोपेत सांगू शकतो, आणि स्वतःच्या छातीतल्या खोकल्याची तारीख ठाऊक नाही!

डॉक्टरांनी छाती तपासली. संध्याकाळचा ताप, वजन, थुंकीतून रक्त ह्यांबद्दल विचारले, थुंकी तपासायला पाठवली. काही निघाले नाही. "हा सर्दीमागचा खोकला आहे, आपोआप जाईल," म्हणाले. आणखी आठवडाभराने तो गेला. कधी गेला ते कळलेही नाही.

आता हा खोकला राहतो का? आपल्या धंद्यातला दाखला देतो. रानात पुराचे पाणी शिरले आणि ओसरले, म्हणजे लगेच वापसा येतो का? पाणी गेले तरी जमीन कितीतरी दिवस तशीच असते, पाय टाकला की रुततो. सर्दीचा विषाणू श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराला सोलून काढतो. विषाणू आठवडाभरात जातो, पण अस्तर नव्याने यायला आठवडे लागतात. तोवर तिथल्या मज्जातंतूंचे टोक उघडे पडल्यासारखे असते. थंड हवा, धूर, उदबत्ती, फोडणीचा ठसका, मोठ्याने हसणे एवढ्यानेही ढास लागते. शरीर खोकते ते तिथे काही शिल्लक आहे म्हणून नव्हे, तर ती जागा अजून हळवी आहे म्हणून.

आणि रात्रीच का? आडवे झाल्यावर नाकामागचा शेंबूड घशात उतरतो. दिवसा तो आपण नकळत गिळत असतो. पोटातले आंबट पाणीही आडवेपणी वर येते, विशेषतः रात्री उशिरा भाकरी खाऊन लगेच झोपणाऱ्यांचे. शिवाय मध्यरात्रीनंतर श्वासनलिका जराशी आकुंचन पावते, हे सर्वांच्याच बाबतीत होते, दमेकऱ्यांच्या बाबतीत जास्त. त्यात हिवाळ्याची कोरडी गार हवा. म्हणून दिवसा सहन होते ते रात्री होत नाही.

किती दिवस चालावा हेही सांगतो, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात लोकांना विचारले गेले, की सर्दीनंतरचा खोकला किती दिवस राहतो असे तुम्हांला वाटते? लोकांनी सात ते नऊ दिवस सांगितले. तेच संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून मोजले तर सरासरी सुमारे अठरा दिवस निघाले. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आठ-नऊ दिवसांनी माणूस घाबरतो, प्रतिजैविकाच्या (आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो त्याच्या) गोळ्या मागतो, डॉक्टरही कधी कधी देतात. पुढे आपोआप बरे वाटते आणि श्रेय गोळीला जाते. विषाणूवर ह्या गोळीचा काही उपयोग नाही. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे गोळी लागतेच, हाही समज खरा नाही.

बाटलीबद्दल

इथे थोडे थांबतो, कारण विषय जिवावरचा आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेले निघाले आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. ती खोकल्याची बाटली नव्हती, पण विष तेच. चवीला गोड, दिसायला पाकासारखे, आणि पोटात गेले की मूत्रपिंड बंद पाडणारे. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशात भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांशी साठाहून अधिक मुलांचे मृत्यू जोडले गेले. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या सीमेलगतच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक लहान मुले अशाच औषधाने गेली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. ती मुले कशाने आजारी होती? साध्या सर्दी-खोकल्याने. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील बालकाला सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना सहसा देऊ नयेत.

सगळ्या बाटल्या विषारी असतात असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जो खोकला मुळात आपोआप जाणार आहे, त्याच्यासाठी शेजारच्या घरची उरलेली बाटली लेकराच्या तोंडाला लावू नका. मोठ्यांनाही ह्या बाटल्यांचा गुण फारसा येत नाही. गुंगी मात्र येते, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बसणाऱ्याला गुंगी परवडत नाही. पाटातल्या चाकाची गोष्ट वर सांगितलीच आहे.

घरचे उपाय

मधाचे नाव आजीबाईच्या बटव्यात होतेच, आता त्याला मोजमापही मिळाले आहे. २००७ साली अमेरिकेत दोन ते अठरा वर्षांच्या १०५ मुलांवर पाहणी झाली. झोपण्याआधी अर्धा तास मध दिलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला काही न दिलेल्यांपेक्षा कमी झाला. चमचाभर मध, तसाच किंवा कोमट पाण्यात. परंतु एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाला लुळेपणाचा गंभीर आजार होऊ शकतो. बारशाला मध चाटवण्याची हौस असणाऱ्या आज्यांनी राग मानू नये.

आपण गुळाच्या मुलखातली माणसे. आले-गुळाची गोळी घोळवली तर घशाला बरे वाटते, हे आम्हीही अनुभवले. चघळण्याने लाळ सुटते, ढास थांबते, एवढाच त्याचा कार्यभाग. मधुमेह असेल तर मध काय नि गूळ काय, साखरच ती. साखर कारखान्याचा माणूस सांगतो आहे म्हणून तरी ऐका.

बांधावरचा अडुळसा आपल्याकडे जनावर तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला लावतात. त्याच्या पानातील व्हॅसिसिन ह्या द्रव्यावरून जर्मनीत ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले आणि आज ते दुकानात मिळते. म्हणजे आजीचे अगदीच चुकत नव्हते. मात्र गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. आणि सर्दीमागचा खोकला पुष्कळदा कोरडाच असतो. त्यात कफ पातळ करायला कफच नसतो.

बाकी उशाशी आणखी एक उशी किंवा घडी घातलेली वाकळ घेऊन डोके-छाती उंच ठेवावी. रात्रीचे जेवण झोपण्याआधी दोन तास उरकावे. कोमट मिठाच्या गुळण्या कराव्यात. वाफ घ्यायची तर मोठ्यांनी घ्यावी; लहान मुलासमोर उकळते पातेले ठेवू नये, भाजल्याच्या घटना फार.

पण औषधापेक्षा जास्त गुण आम्हांला एका वेगळ्याच गोष्टीने आला. उशाशी जळणारी डासांची कॉइल आम्ही विझवली आणि मच्छरदाणी लावली. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ सालच्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. हळव्या झालेल्या श्वासनलिकेला रात्रभर हा धूर पाजायचा आणि वर बाटली प्यायची, असा आमचा उद्योग चालला होता.

धुराचा विषय निघालाच आहे तर आमच्या खात्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तोडणी झाली की पाचटाला काडी लावायची सवय अजून गेलेली नाही. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट आपण जाळतो. खोडव्यात आच्छादन केले तर ओल टिकते, तण दबते, सेंद्रिय कर्ब वाढतो, हे आम्ही दर मेळाव्यात सांगतो आणि सभासद दर मेळाव्यात मान डोलावतात. आज वेगळ्या बाजूने सांगतो. संध्याकाळी पेटवलेल्या फडाचा धूर गार हवेमुळे वर जात नाही, गावावरच बसतो. त्या रात्री गावातला प्रत्येक खोकणारा जास्त खोकतो. कोपीत चुलीशेजारी झोपणाऱ्या तोडणी मजुरांच्या लेकरांचे तर विचारूच नका.

एक इशारा बगॅस आणि बुरशी लागलेले पाचट हाताळणाऱ्यांसाठी. भिजून कुजलेल्या बगॅसच्या धुळीत उष्णता आवडणारे सूक्ष्म जीव वाढतात. ती धूळ दिवसा छातीत गेली की चार-सहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी-रात्री, थंडीताप, खोकला आणि धाप लागते. सकाळी बरे वाटते, पुन्हा कामावर गेले की पुन्हा तेच. लोक त्याला हिवताप किंवा सर्दी समजतात. अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतात १९४१ साली हा आजार प्रथम नोंदला गेला; बगॅसवरूनच त्याला बगॅसोसिस म्हणतात. ढीग ओला करून हलवणे आणि तोंडाला नीट मास्क लावणे ह्याने तो टळतो. ज्याचा खोकला सुट्टीच्या दिवशी कमी होतो, त्याने डॉक्टरांना आपण काय काम करतो ते आवर्जून सांगावे.

तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही कोरडी ढास लागते. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे, ते बदलून देतात. पहाटे छातीत शीळ वाजत असेल तर दम्याचा संशय घ्यावा. लहान मूल खोकता खोकता निळे पडत असेल, शेवटी हुप्प आवाज करून ओकत असेल, तर डांग्या खोकला असू शकतो. तिथे घरगुती काही करू नये.

जांब्याचे आबा

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. जांब्यात आमचे एक जुने सभासद आहेत. नाव देत नाही, आबा म्हणू. संक्रांतीच्या आठवड्यात तोडणीची तारीख सांगायला त्यांच्याकडे गेलो. आमचा स्वतःचा खोकला नुकताच गेलेला. आबा ओट्यावर बसून खोकत होते. मांडीवर तीन वर्षांचा नातू. आम्ही विचारले, ते म्हणाले, "तुळशीच्या लग्नाला सर्दी झाली होती बघा. सर्दी गेली, हा राहिला. फडाचा धूर खाल्लाय ना."

आणि आम्ही काय म्हणालो? "आबा, मला पण असाच होता. महिन्याभरात आपोआप जातो. काळजी करू नका."

तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंत दोन महिने होतात. आम्ही मोजले नाहीत. ज्या डॉक्टरांनी आम्हांला मोजायला लावले त्यांचे ऐकून चार आठवडेही झाले नव्हते. आमचा आणि त्यांचा खोकला कानाला सारखाच वाटत होता, रात्रीच यायचा, सर्दीमागेच सुरू झाला होता. पण ते आम्हांपेक्षा शहाणे निघाले नाहीत, त्यांची सून निघाली. तिच्या लक्षात आले की सासऱ्यांच्या सदऱ्याचा गळा सैल होत चालला आहे आणि संध्याकाळी अंग कोमट लागते. ती त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. साहेबांनी "काळजी करू नका" सांगितल्यामुळे आणखी तीन आठवडे गेले होते. त्या तीन आठवड्यांत नातू रोज त्यांच्याच कुशीत झोपत होता.

ह्या गोष्टीचा आम्हांला झालेला त्रास इथे मांडत बसत नाही. मुद्दा असा, की आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम साधा आहे : खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला की थुंकी तपासावी. दोन आठवडे झाले म्हणजे क्षय झाला असे नव्हे. सर्दीमागच्या खोकल्याची सरासरीच अठरा दिवसांची आहे हे वर आलेच. बहुतेकांच्या थुंकीत काही निघत नाही, आमच्याही निघाले नाही. पण कोणत्या खोकल्यात निघणार हे कानाने ओळखता येत नाही, म्हणून सगळ्यांनीच तपासायचे. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात जा, पुण्याच्या बाजूला औंधचे उरो रुग्णालय आहे, किंवा गावातल्या आशाताईंना सांगा. थुंकी सकाळी उठल्यावर, खोल खोकून काढलेली द्यावी. नुसती लाळ चालत नाही. गोव्यातील कंपनीने बनवलेल्या ट्रूनॅट यंत्रावर काही तासांत निकाल मिळतो.

आणि संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे, थुंकीत रक्त, छातीत दुखणे किंवा धाप ह्यांपैकी काहीही असेल तर दोन आठवड्यांचीही वाट पाहायची नाही. लहान मुलाच्या बरगड्या श्वास घेताना आत ओढल्या जात असतील तर त्याच रात्री निघायचे. ट्रॅक्टर तर ट्रॅक्टर.

आबांना सहा महिन्यांचे औषध लागले, तेही फुकट. रुग्णाच्या आहारासाठी सरकार २०१८ पासून थेट खात्यावर पैसे देते. आधी दरमहा पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत. दोन महिन्यांनी बरे वाटू लागल्यावर आबा गोळ्या सोडण्याच्या बेतात होते. सुनेने सोडू दिल्या नाहीत. मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. नातवाची तपासणी झाली, त्याला आजार नव्हता, प्रतिबंधक औषध सुरू झाले. आषाढात आबांची शेवटची गोळी झाली. आम्ही गेलो तेव्हा ते आडसालीसाठी सरी सोडून घेत होते. आमच्याकडे पाहून म्हणाले, "साहेब, बेण्याबद्दल तुमचं ऐकतो. खोकल्याबद्दल सुनेचं."

तेव्हापासून आम्ही एक सवय लावून घेतली आहे. नोंदवहीत लागणीची तारीख लिहून झाली की घरात कोणी खोकत असेल तर त्याचीही तारीख विचारतो. लोकांना तारीख सांगता येत नाही, पण सण सांगता येतो. परवा नेऱ्यात एक आजी अंधारात खोकत होत्या. विचारले तर म्हणाल्या, "संकष्टीच्या रात्रीपासून रे बाबा." मोजले, नऊ दिवस होत होते. सुनेला उशाशी वाकळ ठेवायला सांगितले, कॉइल उचलून बाहेर ठेवली आणि म्हणालो, "आजी, पाच दिवसांनी पुन्हा येतो."